ट्रायबल फ्यूजन बेली डान्स: पदवी नाही, पण शिक्षण आहे

प्रश्न: मुलगी २१ वर्षांची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कथकच्या मध्यमा पूर्णपर्यंत परीक्षा झाल्यात. दोन वर्षं ऑनलाइन ट्रायबल फ्यूजन बेली डान्स शिकतेय. आता कॉलेज सोडून पुण्यात क्लास काढायचा आणि कार्यक्रम करायचे म्हणते. याचा कोर्स असतो का? यावर पोट भरेल का? नातेवाइकांना काय सांगू?
– एक आई, सांगली

उत्तर:
नमस्कार ताई,

पदवी सोडू देऊ नका. या नाचाची पदवी आपल्याकडे नाही आणि क्लास काढायला ती कुणी मागतही नाही. पण क्लासला पहिली दोन वर्षं खोलीभाडं सुटेलच असं नसतं. तेव्हा हाताशी अर्धवेळ नोकरी लागेल आणि ती पदवीवर मिळेल.

लेक नेमकं काय शिकतेय ते आधी सांगतो, म्हणजे नातेवाइकांचा प्रश्न थोडा हलका होईल. हा नाच मध्यपूर्वेतून जसाच्या तसा आलेला नाही, तो कॅलिफोर्नियात घडला. जमिला सालिमपूर यांनी १९६८ मध्ये तिथल्या रेनेसान्स जत्रेसाठी (जुन्या युरोपच्या वेशात भरणारी जत्रा) ‘बाल अनात’ हा नर्तकींचा संच उभा केला. त्यांच्या शिष्या माशा आर्चर आणि माशा यांच्या शिष्या कॅरोलेना नेरिचिओ. कॅरोलेना यांनी १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘फॅटचान्सबेलीडान्स’ हा संच काढला. त्यांच्या पद्धतीत नाच आधी बसवलेला नसतो. हालचाली आणि इशारे ठरलेले असतात. पुढे डाव्या बाजूला उभी असलेली नर्तकी इशारा देते आणि बाकीच्या त्याच ठोक्याला तिच्याबरोबर जातात. याच मुशीतून जिल पार्कर, रेचल ब्राइस वगैरेंनी पुढे फ्यूजन काढलं: एकटीचा नाच, इलेक्ट्रॉनिक संगीत, हिपहॉपमधलं पॉपिंग (स्नायू झटक्यात आवळून सोडणं), योगासनांवर बेतलेला सराव. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात डोना मेहिया हा विषय नृत्यविभागात शिकवत आल्या आहेत. नातेवाइकांना भाषण देण्यापेक्षा लेकीचा एक चांगला व्हिडिओ दाखवा. लावणीला तिकीट काढून जाणारी मंडळी यावर नाक मुरडतात, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आता तिच्या तयारीकडे येऊ. कथकामुळे तिला लय, चकरीतली नजर आणि मनगटं आयती मिळाली आहेत. अडचणही कथकातूनच येते. तत्कारात, म्हणजे पायांच्या कामात, पाय जवळजवळ सरळ राहतात आणि धड एकसंध असतं. इथे गुडघे सतत सैल, पेल्विस (कटिभाग) ना पुढे ना मागे कललेला, बरगड्या उचललेल्या आणि छाती, पोट, नितंब सुटे सुटे हलायला हवेत. गुडघे ताठ राहिले की नितंबांना हलायला जागा उरत नाही. मग ती हालचाल शरीर कंबरेत कमान टाकून काढतं आणि काही महिन्यांत पाठीचा खालचा भाग धरतो. ऑनलाइन शिकणाऱ्यांमध्ये हा दोष फार दिसतो, कारण कॅमेरा समोर असतो आणि कमान दिसते बाजूने. तिला महिनाभर प्रत्येक सराव बाजूने चित्रित करायला सांगा.

एक चाचणी घरीच घेता येते. शिमी म्हणजे नितंबांची जलद थरथर. थ्री-क्वार्टर शिमीत एका ठोक्याचे चार भाग धरतात: उजवा, डावा, उजवा आणि चौथा रिकामा. पुढच्या ठोक्याला डाव्यापासून सुरुवात. हे नितंबांचे स्नायू आळीपाळीने आवळून करायचं असतं. गुडघे ढकलूनही करता येतं आणि वर ते मोठं, छान दिसतं, पण लय मिनिटाला १२० ठोक्यांवर नेली की विस्कटतं. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ९०वर लावून तीन मिनिटं चालत चालत शिमी आणि हातात झिल्सचा, म्हणजे बोटांतल्या छोट्या झांजांचा, उजवा-डावा-उजवा हा साधा ठेका, दोन्ही एकत्र. झिल्स थांबल्या किंवा शिमीतला रिकामा भाग भरून गेला, तर ती अजून विद्यार्थिनीच आहे. तीन मिनिटं चेहरा न आवळता झालं, तर शिकवण्याचा विचार करायला हरकत नाही.

झिल्स आपल्या मंजिरीच्या नात्यातल्या. पितळी स्वस्त सेट शोभेचा असतो. सरावाला कांस्याच्या, सव्वादोन ते अडीच इंचांच्या घ्याव्यात. मध्ये एक भोक असलेली झांज बोटावर फिरते, म्हणून दोन खाचांची घ्यायची. इलॅस्टिक अंगठ्याला आणि मधल्या बोटाला, नखाच्या मुळाशी, घट्ट. सैल राहिलं की आवाज बसका येतो आणि ऐन कार्यक्रमात झांज प्रेक्षकांत जाते.

तालांचंही तपासा. मक्सूम, सैदी, मलफूफ, चिफ्तेतेली हे ताल दरबुक्यावर (हातांनी वाजवायचा मध्यपूर्वेतला ढोल) ऐकून ओळखता आले पाहिजेत. मक्सूम आणि सैदी दोन्ही चार मात्रांचे. सैदीत मध्ये दोन ‘दुम’, म्हणजे जड ठोके, लागोपाठ पडतात. ज्याने तबल्याचे बोल तोंडाने म्हटलेत त्याला हे दोन आठवड्यांचं काम. रेकॉर्डिंगवर नाचताना ही चूक झाकली जाते, वादक समोर बसला की उघडी पडते.

कोर्स आहेत, पण ते व्यक्तींचे आणि स्टुडिओंचे. कॅरोलेना यांच्या पद्धतीत आधी ‘जनरल स्किल्स’ आणि मग ‘टीचर ट्रेनिंग’ असा क्रम आहे. जमिला यांच्या कन्या सुहेला सालिमपूर यांच्याकडे पातळीवार परीक्षा होतात. रेचल ब्राइस यांचा ‘एट एलिमेंट्स’ हा टप्प्याटप्प्याचा अभ्यासक्रम आहे. फी डॉलरमध्ये असते, शिवाय प्रवास आणि व्हिसा. त्यामुळे आधी भारतातल्या एखाद्या जाणत्या शिक्षिकेसमोर प्रत्यक्ष सहा महिने उभं राहणं स्वस्त आणि जास्त उपयोगाचं. विद्यापीठाचा शिक्काच हवा असेल तर पुण्याच्या ललित कला केंद्रात कथकात एम.ए. करता येतं, प्रवेशाच्या अटी आधी विचारून घ्या.

पोट भरतं ते क्लासवर. रंगमंचावर नाव होतं, पैसा तुटक येतो. समजा १० मुली, महिन्याला ८ तास, फी २,००० रुपये: जमा २०,०००. हॉल तासाला ६०० म्हणजे ४,८००. प्रवास, स्पीकर, जाहिरात धरून हातात १३,०००च्या आसपास. हे आकडे फक्त पद्धत दाखवायला घेतलेत, पुण्यातले दर लेकीलाच काढू द्या. परीक्षा आणि दिवाळीत वर्ग रिकामे होतात, तेव्हा वर्षाचा हिशेब १२ नव्हे, ९ महिन्यांवर मांडा. मुली सोडून जातात त्याचं मोठं कारण फी नसतं. शिक्षिका स्वतःला आवडतं ते, म्हणजे पोटाच्या लाटा आणि मागे वाकणं, पहिल्याच महिन्यात शिकवते. कुणाची पाठ दुखते, कुणाला आपल्याला जमणारच नाही असं वाटतं. पहिले दोन महिने उभं राहणं, चालणं, साधे नितंबांचे ठोके, एवढंच. आणि सिमेंटवर चिकटवलेल्या टाइल्सचा हॉल स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, गुडघे जातात.

कार्यक्रमांबाबत तुम्ही आई म्हणून आग्रह धरावा अशा अटी: लेखी करार, अर्धी रक्कम आगाऊ, आतून कडी लागणारी कपडे बदलायची खोली, प्रेक्षकांपैकी कुणी मंचावर येणार नाही, सोबत आपलं एक माणूस. अनवाणी नाचायचं असल्याने आधी जाऊन फरशीवर काच आहे का ते पाहणं. हॉटेल किंवा बारचं बोलावणं असेल तर कार्यक्रमाचा परवाना पाहिल्याशिवाय होकार नको. महाराष्ट्रात हॉटेल आणि बारमधल्या नाचाबद्दल २०१६चा कायदा आहे आणि नोटा उधळायला त्यात बंदी आहे.

पाटीवर तिने ‘ट्रायबल’ लिहू नये. या क्षेत्रातल्या अनेकांनी आदिवासींबद्दलच्या आदरापोटी तो शब्द सोडला आहे. कॅरोलेना यांनीही २०२० मध्ये आपल्या शैलीचं नाव बदललं. ‘फ्यूजन बेली डान्स’ चालेल. कथकाचा तुकडा किंवा राजस्थानच्या कालबेलिया लोकनृत्याची गिरकी घेतली तर कार्यक्रमपत्रिकेत तसं छापावं.

परीक्षा संपल्या की सांगलीतच पाच मैत्रिणी जमवून आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, थोडी का होईना पण फी घेऊन शिकवू दे. फुकट नको, फुकट वर्गाला सगळेच येतात. पाचव्या आठवड्यात पाचांपैकी किती उरल्या आणि कुणाची पाठ दुखली, हे तिने वहीत लिहावं. चार उरल्या तर पुण्यातल्या हॉलची चौकशी सुरू करा. दोनच उरल्या तर परदेशी कोर्सचे पैसे अजून भरू नका.