खुब्याचे ऑपरेशन झालेल्या माणसाचा गुडघा दुखू लागला तर

आपल्या वडिलांच्या मांडीच्या हाडाची मान (खुब्याजवळचा अरुंद भाग) मोडली होती, स्क्रू बसवून हाड जुळले आणि आता वर्षभराने गुडघा दुखतो म्हणून 'वय झाले' असे सांगून पट्टा दिला, हे वाचून मला आमच्या आईची आठवण झाली. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे घरच्या अनुभवाचे बोल समजावेत.

आमच्याकडे, इंदूरच्या रामबागेत, नेमके हेच घडले. ज्या दवाखान्यात आम्ही जात होतो, तिथे पाच महिन्यांत तीन वेळा गुडघ्याचाच एक्स-रे काढला आणि प्रत्येक वेळी झिजेची गोळी दिली. खुब्याकडे कोणी पाहिले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. डाव्या पायाची नखे कापण्यासाठी आईला तो पाय उजव्या मांडीवर घेता येईना, तेव्हा आम्ही शहाण्यांनी तिला लांब दांड्याचे नेलकटर आणून दिले! पाय असा बाहेर वळत नसेल तर दोष खुब्यात असू शकतो, आणि खुब्याची कळ गुडघ्यात जाणवते, कारण दोन्ही सांध्यांना काही मज्जातंतू सामाईक आहेत.

खुब्याच्या गोळ्याला, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाला, रक्त पुरवणाऱ्या बहुतेक वाहिन्या हाडाच्या मानेला चिकटून वर जातात. मान मोडली की त्याही तुटू शकतात. हाड जुळले तरी गोळा आतून मेलेला असू शकतो, आणि हे कधीकधी दोनेक वर्षांनी उघडकीस येते. मेलेल्या हाडातला चुना, म्हणजे कॅल्शियम, जागेवरच राहतो, म्हणून सुरुवातीचा एक्स-रे निर्दोष दिसतो. पुढे शरीर ते मृत हाड काढू लागते, पण नवे हाड तेवढ्या वेगाने भरत नाही, आणि उतारवयात हाड घडवणाऱ्या पेशी मुळातच मंदावलेल्या असतात; मग भार पडून गोळा खचतो. वयाचा वाटा असलाच तर तो इथे आहे, निदानाच्या जागी नव्हे.

माझ्या मते आपण खुब्याच्या एमआरआयबद्दल स्पष्ट विचारावे. त्याआधी स्क्रू टायटॅनियमचे आहेत की स्टीलचे, हे डिस्चार्जच्या कागदांतून शोधून ठेवावे, कारण स्टीलमुळे चित्र जास्त बिघडते. गोळा खचण्यापूर्वी काही इलाज शक्य असतात. आमच्या आईचा खचल्यावर सांधा बदलण्यावाचून पर्याय उरला नाही. आणि तोवर तेलाने रगडून मालीश करू नये, असे मला वाटते. आम्ही ती रोज केली.