अमारोनेत साखर घालतात का? जरा सविस्तर

तुमच्या मेव्हण्यांनी इटलीहून अमारोने वाइन आणली, लेबलवर १६ टक्के अल्कोहोल बघून तुम्ही विचारताय की वरून साखर किंवा दारू मिसळतात का. नाही हो, घालत काहीच नाहीत, उलट द्राक्षातलं पाणी काढतात.

व्हेरोनाच्या उत्तरेला वाल्पोलिचेल्ला म्हणून डोंगराळ भाग आहे, तिथली ही वाइन. द्राक्षं मुख्यतः कोर्विना, कोर्विनोने आणि रोंदिनेल्ला. सुटसुटीत घड हाताने तोडायचे (गच्च घडात हवा खेळत नाही, बुरशी धरते) आणि हवेशीर माळ्यावर बांबूच्या ताट्यांवर नाहीतर उथळ क्रेटमध्ये एकेक थर पसरून तीन-चार महिने नुसते ठेवून द्यायचे. याला म्हणतात अपासिमेंतो. आपल्या तासगावचं बेदाण्याचं शेड आठवेल, पण तिकडे औषधात बुडवून पंधरा-वीस दिवसांत बेदाणा होतो, इथे थंडीत काही न लावता हळूहळू, आणि वजन तीस-चाळीस टक्केच घटतं, म्हणजे मनुका नाहीच, सुरकुतलेलं द्राक्ष. "मनुक्यांची वाइन" म्हणतात ते म्हणून चूक.

मग ऐन हिवाळ्यात चिरडतात. रस गोड, तळघर गार, त्यामुळे साखरेचं अल्कोहोल करणारं यीस्ट महिना-दीड महिना रेंगाळत काम करतं. मधेच थांबवलं तर गोडी उरते, ती रेचोतो, हीच जुनी वाइन. जवळजवळ सगळी साखर संपू दिली की अमारोने. १९३६ साली तिथल्याच नेग्रार गावी सहकारी वायनरीच्या तळघरात रेचोतोचं एक पिंप विसरलं आणि ते असं निघालं असा किस्सा सांगतात, मला तो जरा जास्तच गोळीबंद वाटतो. अमारो म्हणजे कडू, पण कडू वगैरे लागत नाही, सुकलेली चेरी, कोको असं काहीतरी.

महाग का, तर तेवढ्याच द्राक्षांत रस कमी, वर किमान दोन वर्षं मुरवणं, रिझेर्वा (जास्त मुरवलेली) असेल तर चार. उरलेला चोथा मात्र वाया जात नाही, त्यावर साधी वाल्पोलिचेल्ला ओतून पुन्हा आंबवतात, ती रिपास्सो. खिशाचा विचार असेल तर तीच घ्या.

तासभर आधी उघडा आणि मे महिन्यात पिणार असाल तर आधी वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, आपल्या खोलीच्या तापमानाला नुसता स्पिरिटचा वास येतो. मी एकदा झणझणीत सुक्या मटणासोबत घेतली, घसा जळाला, तुम्ही आपलं जुनं चीज घ्या.