चीनची लढाई, पासष्टचं युद्ध आणि कारगिल

प्रश्न असा आहे: आपण 'पासष्टचं युद्ध', 'एकाहत्तरचं युद्ध' म्हणतो, मग १९६२ ला 'चीन युद्ध' आणि १९९९ ला 'कारगिल' का? एकच पद्धत का नाही?

वेगळं ओळखायला जेवढं लागतं तेवढंच माणसं नावात ठेवतात, असं मला वाटतं. 'पाकिस्तानशी युद्ध' म्हटलं की कोणतं, हा प्रश्न येतोच, म्हणून तिथे साल जोडावं लागलं. चीनशी मोठं युद्ध एकदाच झालं, त्यामुळे देशाचं नाव पुरलं. माझी आजी 'चीनच्या लढाईत बांगड्या दिल्या' असं सांगायची. संरक्षण निधीला सोनं देणाऱ्या बायकांपैकी ती एक. साल तिच्या तोंडी कधीच आलं नाही. नुसतं 'लढाईच्या दिवसांत' म्हणाली, तर ते रेशनचे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचे दिवस असत. तिच्या लेखी त्या लढाईला विशेषण लागतच नव्हतं. १९१४ चं युद्धही दुसरं सुरू होईपर्यंत बहुतेकांना नुसतं 'महायुद्ध'च होतं. 'पहिले' हा शब्द त्याला चिकटला तो दुसऱ्यामुळे.

पण मला खरी गंमत वाटते ती गाण्यांची. बासष्टनंतरची जी गाणी आपल्याला आजही पाठ आहेत, त्यांत चीनचं नाव शोधून पाहा. गदिमांचं 'जिंकू किंवा मरू' १९६३ च्या 'छोटा जवान'मधलं. त्यात युद्ध आहे ते 'माणुसकीच्या शत्रूसंगे'. कवी प्रदीप यांचं 'ऐ मेरे वतन के लोगों' २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत पहिल्यांदा गायलं गेलं. त्यात घायाळ होतो तो हिमालय. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा महाराष्ट्रात जे वाक्य तोंडोतोंडी झालं, त्यातही सह्याद्री धावतो तो हिमालयाच्या मदतीला. म्हणजे बोलण्यात चीन आणि गाण्यात हिमालय. हे मला फार बोलकं वाटतं. गाणाऱ्याला शत्रूपेक्षा, ज्याला जखम झाली तो जवळचा. म्हणूनच ती गाणी साठ वर्षांनंतरही शिळी झाली नाहीत आणि शाळेच्या मैदानावर पोरं ती अजून घसा ताणून म्हणतात.

सरकारी आणि छापील भाषेत तेव्हा 'चिनी आक्रमण' हा शब्द जास्त चाले. आज 'भारत-चीन युद्ध' रूढ आहे आणि लेखात तेच लिहावं.

कारगिलचं उत्तर सोपं आहे. लढाई त्या टापूपुरती राहिली आणि ते नाव रोज बातम्यांतून कानावर पडलं. शिवाय 'नव्व्याण्णवचं युद्ध' एकदा मोठ्याने म्हणून बघा, जीभ अडखळते.

गावाचं नाव युद्धाला पडण्याची आपली जुनी उदाहरणं आहेतच. त्यांत पानिपत पुढे गेलं आणि सामान्यनाम झालं. 'निवडणुकीत पक्षाचं पानिपत झालं' यातल्या पानिपताला हरयाणातल्या गावाशी काही देणंघेणं उरलेलं नाही. त्याच मैदानावर १५२६ आणि १५५६ मध्येही मोठ्या लढाया झाल्या. पण त्यांच्याबद्दल बोलायचं तर मराठी माणसाला 'पानिपतची पहिली', 'पानिपतची दुसरी' असं सांगावं लागतं. १७६१ साठी नुसतं 'पानिपत' पुरतं.