खोडातल्या पोकळीत सिमेंट भरावे का?

प्रश्न : जुन्या झाडाच्या खोडात हातभर खोल पोकळी आहे, तीत पाणी साचते. सिमेंट भरावे की खाली भोक पाडून पाणी काढावे?

उत्तर : दोन्ही नको. झाड वाऱ्यात डोलते, सिमेंट डोलत नाही. कडेला फट पडते, ओल आत कोंडते आणि कूज वाढते. भोकाचे नुकसान तर त्याहून मोठे. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. कुजलेल्या भागाभोवती झाड आतून जणू भिंत घालते आणि कडेने नवे लाकूड चढवून जखम झाकत आणते. गिरमिटाने ती भिंतच फुटते, कूज निरोगी लाकडात शिरते. पोकळी खरवडून ‘स्वच्छ’ करणेही म्हणूनच चूक. हाताने सहज सुटेल तेवढाच भुसा काढा. साचलेल्या पाण्याने सहसा बिघडत नाही.

ताज्या जखमेची सुटलेली साल धारदार चाकूने, घट्ट सालीपर्यंतच कापा. डांबर किंवा रंग फासू नका.

खरी काळजी मजबुतीची. निरोगी लाकडाची जाडी त्रिज्येच्या साधारण एक-तृतीयांशाहून कमी, म्हणजे ६० सेंमी व्यासाच्या खोडात १० सेंमीहून कमी असेल, तर जाणकाराकडून तपासून घ्या. पोकळीचे तोंड रुंद असल्यास तेवढी जाडीही पुरत नाही.