दोन वर्षांचा करार आणि सोबत सात वर्षांची मुलगी

थंड रेणुमेघांचे, म्हणजे ज्यांत तारे जन्मतात त्या वायूच्या ढगांचे, नकाशे करणाऱ्या परदेशी गटात दोन वर्षांची पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी) मिळत आहे, तर पत्नी व सात वर्षांच्या मुलीसह जावे का, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसा, विमा आणि पगार यांची माहिती तुम्हाला विद्यापीठाकडून मिळेलच, म्हणून मी त्याखेरीजचे लिहितो.

कामासाठी जरूर जावे. दहा केल्विनच्या (उणे २६३ अंश सेल्सियसच्या) आसपास हायड्रोजनचे रेणू जवळजवळ काहीच उत्सर्जित करत नाहीत, म्हणून त्यांच्यात मिसळलेल्या कार्बन मोनॉक्साइडच्या ११५ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या रेडिओ वर्णरेषेवरून आपण मेघ ओळखतो. १९७० मध्ये ती मृग नक्षत्रातल्या तेजोमेघात प्रथम सापडली. अतिघन गाभ्यात मात्र हाच रेणू धुळीच्या कणांवर गोठतो आणि तारा जिथे जन्मणार, नेमकी तीच जागा नकाशात फिकी पडते. मला आजही या कोड्याची ओढ आहे.

दोन वर्षे मात्र अपुरी आहेत. स्पेनमधील पिको वेलेटावरच्या ३० मीटर दुर्बिणीने केलेल्या माझ्या पहिल्या नकाशात वर्णपटांमध्ये खड्डे दिसले, कारण तुलनेसाठी रिकामी समजून निवडलेल्या ‘ऑफ’ जागेतही विरळ वायू होता आणि तो सगळीकडून वजा झाला होता. ती चूक माझीच होती. दुर्बिणीवर पुन्हा वेळ मिळाली तेव्हा राहण्याचा परवाना नूतनीकरणात अडकला होता, आणि तो हाती नसताना देशाबाहेर गेलो तर परत येता येईल याची खात्री कोणी देईना. ती निरीक्षणे सहकाऱ्याने केली. तीन वर्षांचा करार मागा.

एकटेपणाची फार चिंता करू नका; कामात तो निभावतो.

माझ्या मुलीच्या शाळेचे मात्र माझ्याकडून निभावले नाही. भाषा येत नाही म्हणून शाळेने तिला एक इयत्ता मागे बसवायचे ठरवले, तेव्हा मी दुर्बिणीपाशी डोंगरावर होतो. हवा कोरडी होती, आणि मिलिमीटर तरंगांना तशीच हवा लागते. म्हणून बैठकीला येण्याऐवजी मी फोनवर ‘भाषा येईल हळूहळू’ एवढेच म्हणालो आणि पत्नीने एकटीने सही केली. अपूर्णांक बिनचूक सोडवणारी ती मुलगी वर्षभर बेरजा करत बसली. आज ती पंधरा वर्षांची आहे आणि वर्गातल्या मुलींपेक्षा आपण मोठे का, हे तिने मला एकदाच विचारले आहे.

आता पुष्कळ निरीक्षणे घरूनही करता येतात. तरीही करारावर सही करण्यापूर्वी मुलीला कोणत्या इयत्तेत घेणार, हे शाळेकडून लेखी घ्या, आणि त्या बैठकीला तुम्ही स्वतः जा.