पोर्तुगालसारख्या छोट्या देशाने हिंदी महासागरावर वर्चस्व कसे मिळवले?

मूळ ओढ मसाल्यांची होती. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांकडून चढ्या भावाने मिरी घेण्याऐवजी ती थेट मलबारातून आणावी, या हेतूने वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला. मात्र मोठा मुलूख जिंकून राखण्याइतकी माणसे पोर्तुगालकडे नव्हतीच, म्हणून पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा (१५१०), त्यानंतर आजच्या मलेशियातील मलाक्का (१५११) आणि इराणच्या आखाताच्या तोंडावरील होर्मुझ (१५१५) अशी मोक्याची बंदरे घेऊन सागरी वाटांवर पहारा बसवला. खरी मेख होती ‘कार्ताझ’ नावाच्या परवान्यात. तो न घेता निघालेले गलबत तोफांच्या बळावर पकडून त्यावरील माल जप्त केला जाई, आणि पुढे जमिनीवर बलाढ्य असलेल्या मोगलांच्या जहाजांनाही तो घ्यावा लागला. याला व्यापारापेक्षा खंडणी म्हणणेच मला योग्य वाटते.