गाइडना फोन करणं आधी थांबवा

पत्र: मुलगी पुण्यात मधुमेहावर पीएचडी करते, उंदरांवर प्रयोग आहेत. नोंदणी ऑगस्ट 2019 ची. यूजीसीची फेलोशिप 5 वर्षांनी संपली, त्यालाही सहा महिने झाले. कोविडची दोन वर्षं घरी बसून गेली. वय 30. गाइडना मी तीनदा फोन केला, नीट बोलत नाहीत. कोविडची मुदतवाढ मिळेल का? तीन पेपर (शोधनिबंध) लागतात म्हणे. की सरळ बँकेच्या परीक्षेला बसवू? लग्नाचंही बघायचं आहे. – एक वडील, सांगली

उत्तर: तुमच्या पत्रात मला थिसिसपेक्षा ते तीन फोन जास्त खटकले. तीस वर्षांच्या संशोधकासाठी तिच्या गाइडला वडिलांचा फोन जातो, तेव्हा तिची पत किती राहते? पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, अर्जाला याच गाइडचं शिफारसपत्र लागणार आहे. ते नसेल तर समोरचा पहिली शंका तिथेच घेतो. चौथा फोन करू नका, दिलगिरीचासुद्धा नको.

‘बसवू’ हा शब्दही तसाच. बँकेची परीक्षा पदवीवर देता येते, पण ती द्यायची की नाही हे तिने ठरवायचं.

आता ‘घरी बसून’. 25 मार्च 2020 पासून टाळेबंदी लागली आणि अ‍ॅनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे, पिंजरे साफ करायला माणसं येईनात. बऱ्याच ठिकाणी उंदीर कमी करून प्रजननापुरत्या जोड्या ठेवल्या गेल्या. पुन्हा सुरुवात करायची तर हिशेब असा: गर्भकाळ 3 आठवडे, पिल्लू वयात यायला 6 ते 8 आठवडे, म्हणजे एका पिढीला अडीच महिने. दोन जनुकं बदललेला उंदीर हवा असेल तर आधी दोन स्ट्रेनचा (वाणांचा) संकर, मग त्या पिल्लांचा आपसात. त्यात दोन्ही बदल पूर्ण उतरलेलं पिल्लू सरासरी सोळात एक. एका वेतात सहा-आठ पिल्लं. पुरेसे उंदीर, तेही एकाच वयाचे, जमले की त्यांना 12 ते 16 आठवडे चरबीयुक्त आहार, तेव्हा कुठे मोजमाप सुरू. एका प्रयोगाला वर्ष सहज जातं. एप्रिल 2021 मध्ये राज्यात पुन्हा निर्बंध आले. शिवाय पिपेटच्या फिल्टर टिप्स आणि आरएनए किट कोविड चाचण्यांकडे वळल्यामुळे मिळत नव्हते. तिच्या प्रयोगाचं नेमकं काय झालं ते तिला विचारा. पाच वर्षांत विचारलं नसावं, असं पत्रावरून वाटतं.

कोविडच्या काळात यूजीसीने थिसिस देण्याची मुदत वाढवली होती, ती तेव्हा थिसिस द्यायच्या बेतात असलेल्यांसाठी. फेलोशिप तेव्हाही 5 वर्षांचीच राहिली. तुमच्या मुलीला त्या मुदतवाढीची गरजही नाही. तिची नोंदणी यूजीसीच्या 2016 च्या नियमांखाली येते: कमाल 6 वर्षं आणि महिलांना आणखी 2 वर्षांची सवलत. म्हणजे ऑगस्ट 2027 पर्यंत वाव आहे. पण ही सवलत आपोआप मिळेल असं धरून चालू नये. सहा वर्षं भरण्याआधी तिने स्वतः, गाइडमार्फत, विद्यापीठाकडे अर्ज करावा.

तीन पेपर हीही ऐकीव गोष्ट. त्याच नियमांत एक पेपर आणि परिषदांत दोन सादरीकरणं आहेत. विद्यापीठाने जास्त मागितलं असेल तर ते त्यांच्या अध्यादेशात सापडेल.

संशोधनाचं अर्धवट राहिलेलं उद्दिष्ट विद्यापीठाच्या संशोधन सल्लागार समितीपुढे मांडून वगळता येतं. मात्र शीर्षक बदलत असेल तर ते सिनॉप्सिस (थिसिसचा सारांश) देण्याआधी मंजूर करून घ्यावं, नाहीतर कागदपत्रं तिथेच अडकतात. बायोडेटात 2020-21 रिकामं ठेवू नये, ‘कोविडमुळे विलंब’ असं मोघमही लिहू नये. कुठला स्ट्रेन कधी कमी केला, कधी परत उभा राहिला, दरम्यान कोणतं विश्लेषण किंवा लेखन झालं, हे तारखांसह तीन ओळींत यावं. संस्था बंद ठेवल्याचा आदेश जपून ठेवावा.

पुढे राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपची वयोमर्यादा 35, महिलांना 5 वर्षं सूट. तिशी म्हणजे उशीर, हे तुमच्या घरचं गणित आहे.

मदत करायचीच असेल तर पैशांची करा. फेलोशिप थांबल्यावर खोलीभाडं आणि मेसचा खर्च कुठून येतो? गाइडच्या प्रकल्पात पगारी जागा असेल तर उत्तम. नसेल तर आठ-दहा महिने तो खर्च तुम्ही उचला, आणि दर आठवड्याला ‘झालं का’ विचारू नका.

लग्नाबद्दल तिने मला काही विचारलेलं नाही, म्हणून मीही बोलत नाही. पुढचं पत्र तिने लिहावं. सोबत समितीच्या शेवटच्या बैठकीचं इतिवृत्त आणि थिसिसमधल्या पूर्ण झालेल्या आकृत्यांची यादी पाठवावी.